येथे धक्का मारून मिळणार नाही

“या जगात कुठलीही गोष्ट आपोआप संपत नाही. ती संपत असते तेव्हा कोणीतरी, कुठंतरी बसून, गुपचूप ती पीत असतं.”

हे वाक्य शमशुद्दीन मिस्त्रीनं सोमवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीत, स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगमागं बसून, काच खाली करून, समोरच्या पायरीवर चहा पीत बसलेल्या आण्णाला नीट ऐकू जावं अशा आवाजात उच्चारलं. उभ्या हयातीतून गाळून काढलेलं त्याच्याकडं एवढंच तत्त्वज्ञान होतं, आणि ते आजवर फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांसमोर उच्चारलेलं असल्यामुळं कायम खरं ठरलं होतं. वाक्य संपवून त्यानं किल्ली फिरवली. बॉनेटखालून टिक, टिक, टिक असा आवाज आला, कुणी पत्र्याच्या डब्यावर नखानं वाजवावं तसा. मग तोही बंद झाला.

“बरं मग,” आण्णा म्हणाला, “कोण पितंय?”

शमशुद्दीननं किल्ली काढून खिशात ठेवली. राग आला पाहिजे, असं त्याला वाटलं. राग येण्याची ही योग्य जागा होती. तो थोडा वेळ थांबला, एखाद्या स्टॉपवर एस्टीची वाट बघावी तसा. राग आला नाही.

तो गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. इंजिनाला हात लावत नसे. पाने, जॅक, ऑइल ही त्याच्या मते तालमीतल्या लोकांची कामं. त्याचं काम न दिसणाऱ्या वस्तूचं. संध्याकाळी धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी मेलेली निघते, बॅटरी नवी असते, डायनामो चांगला असतो, आणि तरी रात्रीत सगळी ताकद कुठं जाते ते कुणाला कळत नाही, अशा गाड्या पार गारगोटी-कागलपासून दोरीला बांधून त्याच्या दारात यायच्या. कुणाच्या डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही जळत असायचा. कुणाच्या हॉर्नमध्ये पाणी शिरलेलं असायचं. एका पुढाऱ्याच्या जीपमधला प्रचाराचा भोंगा तर मालक निवडणूक हरल्यावरही करंट खात बसला होता. शमशुद्दीन ते शोधायचा, कापलेल्या वायरचं टोक मालकाच्या तळहातावर ठेवायचा आणि वरचं वाक्य म्हणायचा. घराखालच्या दुकानावर त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत एक पाटी होती : ‘येथे गाडीला धक्का मारून मिळणार नाही.’ बंद गाडी दिसली की चार माणसं बोलावून ती ढकलायची, ही कोल्हापूरकरांची जुनी खोड. हाताला काम आणि तोंडाला ओरडायला कारण, दोन्ही एकदम मिळतं. शमशुद्दीनला मात्र त्यात आपल्या धंद्याचा अपमान वाटायचा. “धक्क्यानं गाडी चालू हुती, रोग तसाच ऱ्हातो,” तो म्हणायचा. टेम्पोवाल्या गणपतरावानं एकदा भर दुकानासमोर टेम्पो ढकलून चालू केला, तर शमशुद्दीन दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता. गणपतरावाला ते दिवाळी झाल्यावर कळलं.

आता त्याचीच गाडी. पांढरी, जुनी, एका बाजूनं थोडी खचलेली, पण त्याच्या हातची. दोन आठवडे झाले, रोज सकाळी मेलेली. तो रोज दुकानातली दुसरी बॅटरी आणून बसवायचा, आधीची चार्जिंगला लावायचा, बाहेरगावच्या कामांवर जायचा, संध्याकाळी यायचा, आणि सकाळी पुन्हा टिक टिक. गल्लीला याचा मनापासून आनंद झाला होता. लोक जाता-येता थांबून बॉनेटमध्ये डोकावत. “वहिनी गेल्यापासनं गाडीला बी करमंना,” असं आण्णा म्हणाला होता आणि ते सगळ्या पेठेत झालं होतं. शेजारच्या धोंडुबाई तर रोज कोथिंबीर निवडता निवडता विचारायच्या, “गाडीला दिष्ट काढलीसा का न्हाय?”

वहिनी म्हणजे हाफिजा, शमशुद्दीनची बायको. ती गारगोटीला भावाकडं गेली होती. भाची हुस्नाचं लग्न ठरवायला पाहुणे येणार होते, दोन दिवसांसाठी म्हणून शमशुद्दीननंच तिला गाडीनं सोडलं. पाहुणे आले, जेवले, गेले. हाफिजा राहिली. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला मधूनच वाटायचं. भांडणाला सुरुवात असते, शब्द असतात, कुठून काय तुटलं ते हात लावून बघता येतं. इथं तसं काही नव्हतं. काल तिचा भाऊ तोहिद याचा फोन आला. “दाजी,” तो म्हणाला, आणि आधी दुकानाची चौकशी केली. मग म्हणाला, “आपानं हितं शाळंजवळ एक खोली बघितलीया. मंगळवारपासनं पोरींना शिवण शिकवायचं ठरिवलंय. तुमी सोमवारी आला तर बरं हुईल. न्हाय आला तर...” पलीकडं कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. “न्हाय आला तर न्हाय.” शमशुद्दीन “येतो की” म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तिथंच उभा राहिला आणि आपल्याला काय होतंय ते बघू लागला. काही होत नव्हतं. पंख्याचं एक पातं दुसऱ्या दोन्हींपेक्षा जरा खाली आहे, एवढंच त्याला दिसलं. ते कैक वर्षं तसंच होतं. हाफिजानं ते नीट करायला सांगितलं होतं आणि तो “करतो” म्हणाला होता.

आणि आज सोमवार. बाजार बंद, दुकानं बंद, शिवाय काल सकाळपासून पेठेत लाईट नव्हती, त्यामुळं चार्जिंगला लावलेली बॅटरीही लावली तशीच, रिकामी. गल्लीतली दुसरी चारचाकी राजवर्धनची. तो ती घेऊन सासरवाडीला गेला होता. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या, आणि गारगोटी होती तिथंच.

“वस्ताद, एक इचारू?” आण्णानं पेला पायरीवर उपडा घातला. “रातच्याला बॅटरीची वायर काढून ठेवायची. एक वायर. सकाळी लावायची. एवढं मलाबी कळतंय, मी दुधाचा धंदा करतो. तुमाला इतकं दिस का नसंल सुचलं?”

“सुचलतं.”

“मग?”

शमशुद्दीननं बॉनेट उघडलं. सुचलं होतं, पहिल्याच रात्री सुचलं होतं. पाना घेऊन तो गाडीपाशी आलाही होता, आणि मग पाना हातात धरून परत गेला होता. दुसऱ्या रात्रीही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर शमशुद्दीननं त्याला सांगितलं असतं, बाबा, तुलाच ही गाडी सकाळी चालू व्हायला नको आहे. पण तो दुसरा कुणी नव्हता. गाडी चालू होत नाही तोवर गारगोटी लांब होती, आणि गारगोटी लांब होती तोवर, तिथं जाऊन काय बोलायचं, हा प्रश्न येत नव्हता. तिथं जाऊन तो म्हणणार होता, ‘चल.’ ती म्हणणार होती, ‘कशाला?’ इथपर्यंत त्याला दिसायचं. पुढं अंधार.

त्यानं टेस्ट लॅम्प काढला. हे त्याचं हत्यार. एक साधा बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. बॅटरीची काळी वायर सोडवायची आणि मध्ये हा बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद असेल तर बल्ब बंद. कुणी चोरून पीत असेल तर त्याला लागणारा करंट या बल्बातून गेल्याशिवाय राहत नाही, आणि बल्ब लागतो. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्याला हात घातल्यावर बल्ब विझेल, त्या वाटेवर चोर. दोन आठवड्यांत हे त्यानं केलं नव्हतं का? केलं होतं, म्हणजे केल्यासारखं केलं होतं, डॉक्टरनं घरातल्या माणसाची नाडी बघावी तसं. आज त्यानं दारं लावली, किल्ली खिशात आहे हे चाचपून बघितलं आणि चिमटे जोडले. इंजिन फिरवण्याइतका जीव बॅटरीत नव्हता, पण एक बल्ब लावण्याइतका होता. बल्ब लागला. भडक नाही, कचेरीच्या जिन्यात लागलेला असतो तसा, लाल, आळशी, कुणाच्याच उपयोगाचा नाही असा.

“हां, पितंय पितंय,” आण्णा उठून जवळ आला. “आता काय?”

“आता गप्प बसायचं.”

पहिला फ्यूज हॉर्नचा. चिमटीत धरून उपसला. बोटांना तो लागला नाही. ॲसिडनं आणि तारांनी बोटांच्या टोकांची कातडी गेली कित्येक वर्षं चपलेच्या तळव्यासारखी झाली होती. गरम चहाचा पेला तो असा धरायचा की बघणाऱ्याचा हात भाजावा. हाफिजा सुरुवातीला त्याच्या हाताला खोबरेल लावायची. ती बोटांवरून तेलाचा हात फिरवायची, आणि त्याला ती फिरवतेय हे दिसायचं. कळायचं नाही, दिसायचं. मग कधीतरी तिनं ते बंद केलं असेल. कधी, हे त्याला आठवलं नाही. बल्ब तसाच जळत होता. दुसरा फ्यूज वायपरचा. त्यानं काही होणार नव्हतं, वायपर तर पावसातही चालत नव्हता. तिसरा हेडलाइटचा. हेडलाइट म्हटलं की त्याला नुजहतची रुखसती, तिची पाठवणी आठवायची, आणि आठवायची म्हणून तो हेडलाइटची कामं भराभर उरकायचा. नुजहत त्यांची एकुलती एक मुलगी. सगळा मांडव रडत होता, हाफिजा रडत होती, आण्णा रडत होता, बँडवाला रडत होता. शमशुद्दीनला दिसत होतं की नवऱ्याच्या गाडीचा डावा हेडलाइट मंद आहे. तो वाकून बघायला गेला, टोपण काढलं, गंजलेलं टोक खरवडलं, फुंकर मारली, दिवा स्वच्छ लागला. तो उठून उभा राहिला तेव्हा गाडी सुटायला आली होती. मागच्या काचेतून नुजहत बघत होती, दारातून हाफिजा बघत होती, आणि दोघी एकाच नजरेनं बघत होत्या. त्याला सांगायचं होतं, पोरगी रात्रीची मिरजेपर्यंत जाणार, रस्ता नीट दिसायला पाहिजे. ते सांगायला कुणी थांबलं नाही. अब्बांच्या वेळीही तसंच. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, त्यानंही टाकली, आणि मुठीतली माती ओली आहे की कोरडी, हे त्याला तेव्हाही समजलं नव्हतं. लोक म्हणाले, शमशू खंबीर आहे. खंबीर म्हणजे काय असतं, हे विचारायला पाहिजे होतं.

बल्ब विझला नाही. त्यानं टेपचा फ्यूज काढला, आतल्या दिव्याचा काढला, इंडिकेटरचा काढला. एकेक काढून बॉनेटच्या कडेवर ओळीनं ठेवत गेला. धोंडुबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. फ्यूजची पेटी रिकामी होत होत दात पडलेल्या तोंडासारखी उघडी दिसू लागली. शेवटचा फ्यूज त्यानं काढला आणि बल्बाकडं बघितलं.

जळत होता. तसाच.

“आता काय काढायचं ऱ्हायलं न्हाय की,” आण्णा म्हणाला.

“न्हाय.”

“मंग भूत हाय.”

सगळे फ्यूज काढले, म्हणजे गाडीत कुठंही करंट जायला वाट नाही. हॉर्न नाही, दिवे नाहीत, काही नाही. सगळं काढून टाकल्यावरही आत काहीतरी पीत होतं. त्याला एकदम आपल्या छातीवर हात ठेवावासा वाटला, आणि आण्णा बघतोय म्हणून त्यानं तो खिशात घातला. या रोगाचा एकच अर्थ असतो, हे त्याला माहीत होतं. कुणीतरी थेट बॅटरीवरून, फ्यूजला न विचारता, चोरून वायर नेली आहे. असलं काम सीट कव्हर आणि स्पीकर विकणारे लोक करतात. गिऱ्हाईक घाईत असतं, फ्यूजच्या पेटीपर्यंत कोण वाकणार. शमशुद्दीन अशा वायरीला ‘हरामाची वायर’ म्हणायचा आणि तिच्यावर शागिर्दांना अर्धा अर्धा तास बोलायचा. कुठल्या गाढवानं माझ्या गाडीत? त्याला खरंच जरासा राग आला. केवढं बरं वाटलं.

मग त्यानं ती वायर बघितली. ती लपलेली नव्हती. बॅटरीच्या लाल टोकावरून जाड केबलच्या पोटाखालून निघाली होती, बारीक, एकेकाळी लाल, आता ग्रीसनं काळी झालेली, वर चिकटपट्टीचे दोन वेढे, तेही सुटत आलेले. ती त्यानं रोज बघितली होती. बॅटरी बदलताना रोज त्याच्या मनगटाला ती घासत होती. आपणच कधीतरी काहीतरी केलं असेल, अशा समजुतीनं तो तिला बाजूला सारायचा आणि पाना लावायचा. घरातल्या माणसाकडं कोण बघतं.

त्यानं वायरीमागं बोट लावलं. ती रबराच्या भोकातून आत गेली, डाव्या दाराच्या कडेनं, पायपुसण्याखालून. डावं दार उघडून तो गुडघ्यावर बसला, पायपुसणं उचललं, आणि डोकं सीटखाली घातलं. सीटच्या पोटाला, पुढच्या कडेशी, नंबर प्लेटवर असतो तसला एक लहान दिवा बसवलेला होता. बाजूला लहानसा खटका. दिवा लागलेला होता. भर सकाळी, सीटखालच्या त्या वीतभर अंधारात, लाल, मंद. बाहेर बॉनेटपाशी टेस्ट लॅम्पही तसाच मंद जळत असणार, हे त्याला न बघता कळलं. एकच करंट दोघांतून चालला होता, त्यामुळं दोघांच्याही वाट्याला अर्धाच उजेड येत होता. सीटखाली शेंगांची टरफलं होती. निळ्या दोऱ्याचं एक रीळ होतं. ब्लाउजचा एक हुक होता. उजेडाच्या कडेला आणखी काहीतरी चमकत होतं, पण मान तिथपर्यंत वळेना.

तो तसाच पडून राहिला. दिव्याची जागा काही मोकळ्या मनानं निवडलेली नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवरून तो दिसत नव्हता, डाव्या सीटवर बसून पुढं वाकलं तरच दिसला असता. बसलेल्या बाईच्या मांडीवर आणि पायाशी उजेड पडेल, तोंडावर पडणार नाही, बाहेरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते कळणार नाही. ज्यानं कुणी बसवला त्याला कुणीतरी उभं राहून सांगितलं असणार, इथं नको, इथं लाव.

रस्त्यात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली की शमशुद्दीनला पुढं जाता यायचं नाही. त्याला कुणी थांब म्हणायची गरज नसायची. गारगोटीच्या रस्त्यावर, राधानगरीच्या वळणावर, लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याबाहेर. नातेवाइकांकडं गेलं की चहा होईपर्यंत तो शेजाऱ्याच्या जीपखाली असायचा. “तू बस, पाच मिन्टं,” तो हाफिजाला म्हणायचा, आणि काच वर करायचा. आत छतावरचा दिवा होता, पण तो गाडी घेतली तेव्हापासून लागत नव्हता. “हितं एक दिवा लावा की,” ती म्हणाली होती. “दिस बुडला की आत नुसतं बसायचं. जाणारी-येणारी वाकून बघत्यात. दोरा ओवायलाबी दिसत न्हाय.” “करतो की,” तो म्हणाला होता. हे तो आयुष्यभर म्हणत आला होता. न्हाणीतला बल्ब लुकलुकतो, करतो. दारावरची बेल बसवल्या दिवसापासून वाजली नाही, पाहुणे खालून हाका मारतात, करतो. सगळ्या जिल्ह्यात उजेड करणाऱ्या माणसाच्या घरात कोण काय करणार. दिवा लावायला अर्धा तास लागला असता. फ्यूजसकट.

त्यानं सीटखाली पडल्या पडल्याच खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडं बराच वेळ वाजत राहिला. दोरा जसा सरकत जातो तसा वेळ गेला.

“बोला,” हाफिजा म्हणाली.

त्याला बरंच काही म्हणायचं होतं. ते गोळा झालं होतं, वर यायला लागलं होतं. “हितं सीटखाली दिवा हाय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“तू बसिवलास?”

“मी कशाला बसवू? राजारामपुरीत सीट कव्हरवाल्याकडनं बसवून घेतला. तुमी गाडी धुवायला ठेवून मशिदीत गेलता बघा, त्या दिवशी. नुजहतच्या लग्नाच्या आदी.”

नुजहतला आता शाळेत जाणारा मुलगा होता.

“मला बोलली न्हाईस.”

“रोज लावत हुते की, हो. तुमच्या म्होरं.” “तुमाला दिसला न्हाई व्हय?”

ती हे रागानं म्हणाली असती, तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती कुतूहलानं म्हणाली. बाहेर आण्णा धोंडुबाईंना सांगत होता, “चोर घावला वाटतं, आत वाकून फोनवर बोलतंय त्याच्यासंगं.”

“त्यानं फ्यूज लावला न्हाय,” शमशुद्दीन म्हणाला. आपण हे काय बोलतोय, हे त्याला ऐकू येत होतं. “हरामाची वायर हाय. आणि दिवा चालू ऱ्हायलाय. तवापासनं बॅटरी उतरतीया.”

“ऱ्हायला असंल. मला हितं सोडलं त्या दिवशी स्टँडजवळ मी चष्मा शोधत हुते खाली. तुमी म्हणाला, उतर बिगीबिगी, मागं एस्टी वाजिवतीया. उतरले.”

“चष्मा?”

“तिथंच पडलाय. म्होरल्या बाजूला हात घाला जरा.”

त्यानं हात घातला. दिव्याच्या पलीकडं, लोखंडी पट्टीच्या मागं, धुळीत. काही लागत नव्हतं, नेहमीसारखंच काही लागत नव्हतं, आणि मग काहीतरी बारीक, वाकडं, थंड बोटांच्या मध्ये आलं. थंड आहे, हे त्याला कळलं. दिसलं नव्हतं, आधी कळलं. चष्म्याची काडी. एका बाजूला हाफिजानं निळा दोरा गुंडाळलेला होता, स्क्रू पडला होता म्हणून. तेही तिनं त्याला सांगितलं असेल. करतो, तो म्हणाला असेल.

“घावला,” तो म्हणाला. आवाज घोगरा आला. सीटखाली धूळ होती. “दोन आठवडं... मागितला का न्हाईस मग? फोन करायचा की.”

पलीकडं गारगोटीतलं एक कुत्रं भुंकलं, एक मोटरसायकल गेली. “म्हटलं, याल की,” हाफिजा म्हणाली. “याल तवा आणाल.”

आता बोलायचं ते इथं होतं. सगळं गोळा होऊन अगदी दारात येऊन उभं राहिलं होतं. त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. त्यानं उघडलं.

“हाफिजा—”

“चष्मा आणून द्या तेवढा,” ती म्हणाली. “उद्या शिवण हाय. सुईत दोरा जाईना झालाय.” आणि फोन ठेवला.

आणून द्या म्हणाली. त्यात घेऊन जा असं नव्हतं, नको असंही नव्हतं. चष्मा घेऊन ती तिथं शिवण शिकवणार होती, की चष्मा डोळ्यांवर ठेवून आधी त्याच्याकडं नीट बघणार होती, हे त्या वाक्यात कुठंच नव्हतं. शमशुद्दीन सीटखालून बाहेर आला. कपाळाला जळमट लागलं होतं. त्यानं दिव्याचा खटका दाबला आणि बॉनेटपाशी आला. टेस्ट लॅम्प विझला होता. तो सोडवून त्यानं खिशात ठेवला. मग चिमटा घेऊन ती काळी पडलेली बारीक वायर बॅटरीवरून सोडवली. आण्णानं तळहात पुढं केला. कापलेलं टोक हातावर पडणार आणि वाक्य ऐकायला मिळणार, अशी त्याची अपेक्षा होती. शमशुद्दीननं वायर कापली नाही. तिचं टोक सोलून स्वच्छ केलं, दुकानाचं अर्धं शटर वर करून आतून एक फ्यूजची लहान नळी आणली, तिच्यात बारीक फ्यूज घातला, आणि ती मध्ये घालून वायर पुन्हा होती तिथंच जोडली. चिकटपट्टीचे वेढे दिले. घट्ट. अर्धा तास लागला नाही.

“आवं, काढायचं सोडून परत लावायलाईसा?” आण्णा म्हणाला. “मग कोण पीत हुतं, ते तरी सांगा.”

शमशुद्दीननं एकेक फ्यूज जागेवर घातला, बॅटरीची काळी वायर पुन्हा आवळली, बॉनेट खाली घेतलं आणि हात पँटला पुसले. चष्मा रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला, पुन्हा काढला, रुमालानं काचा पुसल्या, पुन्हा ठेवला. ऊन गल्लीत उतरलं होतं. लाईट अजून आली नव्हती. बॅटरीत एक दिवा लावण्याइतकाच जीव होता, आणि गारगोटीला जायचं तर तेवढ्यावर जाता येत नाही. तो स्टिअरिंगमागं जाऊन बसला. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला, बाकी काही नाही. क्लच दाबला, गिअर टाकला. समोर गल्ली उताराला लागत होती, पार चौकापर्यंत. मागं, आरशात, त्याच्या दुकानावरची पाटी उलटी दिसत होती. उलटीही तिची अक्षरं वाचता येण्याइतकी मोठी होती. धोंडुबाई कोथिंबिरीची जुडी काखेत धरून तीच वाचत होत्या.

त्यानं काच खाली केली.

“आण्णा,” तो म्हणाला, “जरा धक्का मारा की.”